अ श्रेणीच्या शाळेतली बसकरपट्टी

मित्रांनो, जरा पाय बाजूला घ्या, म्हणजे मी दिसेन. तुम्ही बाकांवर बसणारी मुलं, तुम्ही मला कदाचित ओळखणार नाही. पण तुमच्या आई-वडिलांना विचारा. शाळेत जमिनीवर अंथरायची ती तागाची लांबलचक पट्टी, तीच मी. बसकरपट्टी म्हणतात मला. आता माझा एक तुकडाच उरला आहे, तोही कडेनं उसवलेला, आणि माझा मुक्काम शाळेच्या मागच्या पडवीत, खिचडीच्या चुलीपाशी असतो. वय झालं की बोलायची खोड लागते, तशी मलाही लागली आहे. शिवाय एक गोष्ट फार वर्षं माझ्या पोटात पडून आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मी विरून जाऊ नये, असं वाटतं.

माझा ताग कुठल्या मुलखात पिकला ते मला ठाऊक नाही. जन्माच्या वेळचं कुणालाच आठवत नसतं. मला आठवतो तो मागाचा खडखडाट आणि विणणाऱ्या म्हाताऱ्याचा खोकला. त्यानं मला दोन्ही काठांना निळी रेघ दिली आणि मधोमध लाल. वीस हात लांब आणि हातभर रुंद अशी मी उतरले तेव्हा त्यानं मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर एका गोदामात मी बरेच महिने अंधारात पडून होते आणि १९९४ सालच्या हिवाळ्यात घोडेगावला, पंचायत समितीच्या आवारात, चांगदेव गुरुजींच्या ताब्यात आले.

चांगदेव गुरुजी मूळचे निमगाव सावाचे. सपाट, काळ्या जमिनीच्या, कांद्याच्या मुलखातला माणूस. त्यांची बदली झाली होती पार पश्चिमेला, डोंगरातल्या हिरडवाडीच्या शाळेवर. शाळा म्हणजे कौलारू एक खोली आणि पुढेमागे पडवी. चार इयत्ता, एकोणीस मुलं आणि कागदावर दोन शिक्षक. त्यातला एक कागदावरच राहिला, तो कधी आलाच नाही. गुरुजी वाडीतच एका घरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावी जायचे.

एसटी जिथं संपते तिथून वाडीपर्यंत दीड तासाची चढण होती. गुरुजींनी मला टपावरून उतरवून घेतलं आणि आता हिला वर कशी न्यायची म्हणून उभे राहिले. तेवढ्यात वाडीतला सावळेराम बाजारातून मीठ आणि रॉकेल घेऊन परतताना दिसला. त्यानं काही न विचारता माझी वळकटी डोक्यावर घेतली. अर्धी चढण झाल्यावर मात्र त्यानं विचारलं, ह्याच्यावर कोण बसणार? गुरुजी म्हणाले, तुमचीच पोरं. आमची जयाबी? असं त्यानं पुन्हा विचारलं. पुढच्या जूनला तिचं नाव घालायचं आहेच की, असं गुरुजी म्हणाले. त्यानंतर सावळेराम जरा जपून चालू लागला. काटेरी फांदी आडवी आली की तो आधी मला वाचवायचा. मी त्या दिवशी फार खूश होते.

शाळेत मला दोन भिंतींच्या कडेनं काटकोनात वळवून अंथरलं. त्याआधी मुलं रिकाम्या पोत्यांवर बसत. मला पाहून ती आधी माझ्यावर लोळली, मग गुरुजींनी डोळे वटारल्यावर ओळीनं बसली. मित्रांनो, बसकरपट्टीला चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. कुणाच्या बोटांच्या बेचक्यात खाचरातला चिखल, कुणाच्या टाचेला भेगा, कुणाच्या पायात रुतलेला काटा तीन दिवस तसाच. मुलं माझे धागे उपसायची, माझ्याखाली चिंचोके आणि पेन्सिलीचे तुकडे लपवायची आणि मारामारी झाली की माझीच कड धरून ओढायची. मी तक्रार केली नाही. त्यासाठीच तर विणली होती मला.

गुरुजी मात्र मला फार जपायचे. तुम्हांला वाटेल, एका पट्टीचं एवढं काय? पण डोंगरातला पाऊस तुम्ही पाहिला नसेल. चार-चार महिने सारवलेली जमीन ओली असते, भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. माझ्याशिवाय मुलांना बसायला कोरडी जागा नव्हती आणि मी एकदा भिजले की चार दिवस वाळायची नाही. गुरुजी मला चुलीच्या धुरावर वाळवायचे. वर्षाला एकच पट्टी मिळते आणि तीही मिळेलच असं नाही, हे ते मुलांना सारखं बजावत. शाळा पाहायला कुणी आलं की म्हणायचं, पट्टी बघा किती स्वच्छ ठेवली आहे. मला अभिमान वाटायचा. त्या अभिमानाची आज लाज वाटते.

पुढच्या जूनला जया आली. दारापासून तिसरी, खिडकीखालची तिची जागा. अंगानं किडकिडीत, पण नजर कशी अगदी लख्ख. पाटी भरली की ती पुसायची आणि पाटी पुसेपर्यंतही धीर नसला की माझ्यावर बोटानं अक्षरं काढायची. माझ्या पाठीवर पहिला 'ज' तिनं काढला. त्याला वळण नव्हतं, पण तो 'ज' होता. दिवाळीपर्यंत तिला सगळी मुळाक्षरं आली, उन्हाळ्यापर्यंत काना-मात्रा आल्या. दुसरीत गेली तेव्हा ती छोटे शब्द लावून वाचायला लागली होती. जोडाक्षरं राहिली होती. ही पोरगी चौथीला स्कॉलरशिपला बसवायची, असं गुरुजी भिमाजी गुरुजींना सांगत होते ते मी ऐकलं आहे. भिमाजी गुरुजी म्हणजे खालच्या गावातल्या शाळेचे मास्तर, चांगदेव गुरुजींचे जिवाचे मित्र.

जया दुसरीत गेली त्या पावसाळ्यात तिचा भाऊ सुनील रांगायला लागला होता. भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस. सावळेराम आणि जयाची आई सखूबाई, दोघंही दिवस उजाडायला चिखलात उतरायचे ते अंधार पडेपर्यंत. बाळाला बघणार कोण? मग जया त्याला कडेवर घेऊन शाळेत येऊ लागली. एका मांडीवर पाटी, दुसऱ्या मांडीवर सुनील. तो पाटीवर थापट्या मारायचा आणि ती त्याचा हात धरून उरलेल्या जागेत लिहायची. मला गंमत वाटायची.

आता बाळ म्हटल्यावर जे व्हायचं ते झालंच. एकदा झालं, गुरुजी हसले. दुसऱ्यांदा झालं, गुरुजींनी मला उचलून धुराशी टांगलं आणि त्या बाजूची मुलं चार दिवस ओल्या जमिनीवर बसली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आठवड्यावर केंद्रप्रमुखांची भेट आली होती. गुरुजींनी मला ओढ्यावर नेऊन स्वतः घासलं, पण वास काही जाईना. परत येऊन ते जयासमोर उकिडवे बसले. ते रागावले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आवाज अगदी मऊ होता.

"जया, उद्यापासनं त्याला घरी ठेवून ये बाळ. पट्टी खराब होती. पुन्यांदा मिळायची न्हाई."

"व्हय गुरुजी," जया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनील आला नाही. जयाही आली नाही. कशी येणार? त्याला घरी कुणाजवळ ठेवणार? सात वर्षांच्या पोरीला जे कळलं ते तिथं बसलेल्या मोठ्या माणसाला त्या क्षणी कळलं नाही. आवणी संपली की येईल, असं त्यांनी धरलं. आवणीनंतर तण काढायची बेणणी आली, मग नाचणीची कापणी, मग भाताची. जयाची जागा रिकामी राहिली. मी मात्र स्वच्छ होते. केंद्रप्रमुखांनी त्या खेपेला माझी तारीफही केली.

त्याच सुमाराला शाळेत तांदूळ वाटायला सुरुवात झाली होती. ज्या मुलाची महिन्यात ऐंशी टक्के हजेरी भरेल त्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. पहिल्या महिन्याच्या वाटपाला सखूबाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिनं काही मागितलं नाही. बाकीच्यांच्या पिशव्या भरताना ती नुसती बघत होती. भाताची मागची खंडी संपलेली आणि नवं पीक अजून हिरवं, अशा दिवसांत डोंगरातल्या घरात काय शिजतं ते गुरुजींना माहीत होतं. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि भरली. मग हजेरीपट उघडला आणि जयाच्या नावापुढे हजेरीच्या खुणा भरत गेले.

मित्रांनो, मी तेव्हा मनात म्हटलं, किती चांगला माणूस आहे हा. आजही तो चांगलाच होता असं म्हणेन. सखूबाईला त्यांनी सांगितलंही, पोरीला धाडत जा. ती म्हणाली, "धाडते की गुरुजी, येवढी कामं उरकू द्या." कामं काय, कधी उरकली आहेत डोंगरात? भात झालं की लाकूडफाटा, मग हिरडा वेचायचा, मग पुन्हा रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा पिशवी आली, पुन्हा हजेरी भरली.

सुरुवातीला गुरुजी रोज हजेरी घेताना "जया सावळेराम" असं पुकारून थांबायचे. खिडकीखालच्या जागेकडे बघायचे. मग खूण करायचे. काही महिन्यांनी थांबणं बंद झालं. नंतर तर नाव न पुकारताच हात आपोआप खूण करून पुढे जायला लागला. वाडीतली आणखी चार मुलं तशीच कुणी गुरांमागे, कुणी आई-बापाबरोबर नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेली, आणि त्यांच्याही पिशव्या भरल्या गेल्या. कागदावर आमची शाळा शंभर टक्के हजेरीची झाली. माझ्यावर मात्र एकोणिसातली चौदाच मुलं बसत होती. हे मला आणि गुरुजींनाच माहीत होतं. मला बोलता येत नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं. १९९८च्या जानेवारीत एक पत्रक आलं. तालुक्यातल्या सगळ्या शाळांची तपासणी होऊन त्यांना अ, ब, क, ड अशा श्रेणी मिळणार होत्या. हजेरीला गुण, वाचनाला गुण, स्वच्छतेला गुण. गुरुजींनी ते पत्रक तीन वेळा वाचलं. मग भिमाजी गुरुजींना बोलावून घेतलं. भिमाजी म्हणाले, "खरं लिहून टाक ना. क मिळंल, ड मिळंल. काय फाशी देत्यात का? खालच्या श्रेणीच्या शाळांना जादा बाई देणार हायत म्हणं, पोरांना वाचायला शिकवायला." गुरुजी म्हणाले, "आन दीड वर्साची हजेरी? ती कुणाच्या नावावर घालू? तांदूळ बंद होईल त्यांचा, माझी नोकरी जाईल ती निराळीच."

भिमाजींना पटलं नाही, पण मित्राला नाही म्हणणंही त्यांच्यानं झालं नाही. तपासणीला शेजारच्या शाळेची चार पोरं उसनी आणायची, ही रीत त्या बाजूला नवी नव्हती. आज तुझी, उद्या माझी. असं पूर्वीही झालं होतं आणि कुणाला त्यात फार मोठं पाप वाटत नव्हतं.

तपासणीच्या सकाळी खालच्या गावातून पाच मुलं चढण चढून आली. त्यांना धुतलेले कपडे घातले होते. गुरुजींनी एकेकाला जागा दाखवली आणि आज तुझं नाव काय, ते दोनदा वदवून घेतलं. खिडकीखाली, दारापासून तिसऱ्या जागी अंजना नावाची मुलगी बसली. हुशार, धीट पोरगी. तिच्या पायांची मला ओळख नव्हती. मला तिचा राग आला नाही, तिचा काय दोष? पण ती जागा भरलेली असूनही मला रिकामीच वाटत होती.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, मुलांशी हसून बोलत होता. त्यांनी स्वतः हजेरी घेतली. "जया सावळेराम" असं पुकारलं आणि अंजनानं "हजर" म्हटलं. साहेबांनी तिलाच उठवून पुस्तक दिलं. तिनं जोडाक्षरांसकट पान घडाघडा वाचलं. साहेबांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि लिहून घेतलं.

आणि त्याच वेळी जया दारात उभी होती.

ती कधी आली ते मला कळलं नाही. खाली जीपगाडी थांबून साहेब चढण चढताना पाहून वाडीतली बरीच पोरं शाळेपाशी जमली होती, त्यांत ती असावी. सुनील सव्वादोन वर्षांचा झाला होता, तरी तिच्या कडेवर. तिनं आपलं नाव पुकारलेलं ऐकलं होतं. दुसऱ्या कुणी तरी त्याला ओ दिलेली ऐकली होती. आपल्या जागेवर बसून आपल्या नावानं कुणी तरी धडा वाचतंय, हे ती उंबऱ्याबाहेरून पाहत होती.

साहेबांचं लक्ष गेलं. "ही कोण? शाळेत का नाही ही?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, हा प्रश्न गुरुजींना होता. गुरुजींच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर सगळं तिथंच उलगडलं असतं. नोकरीचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. जयाचं मात्र भलं झालं असतं.

"वाडीतली आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. "शाळेत नाही."

"मग नाव घाला की हिचं पटावर," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणत होते. त्यांनी दाराशी जाऊन जयाला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

जयानं गुरुजींकडे बघितलं. मग कडेवरच्या भावाकडे बघून म्हणाली, "ह्यो सुनील."

साहेब हसले. "त्याचं नाही गं, तुझं."

तिनं पुन्हा गुरुजींकडे बघितलं. गुरुजी खाली माझ्याकडे बघत होते. मी त्या दिवशी धुवून, झटकून, सरळ रेषेत अंथरलेली होते आणि माझ्यावर एक डागही नव्हता. सुनीलला सावरून घेत जया उंबऱ्यापासून मागे सरकली आणि वाडीच्या वाटेनं गेली. "लाजली," असं म्हणून साहेब परत आत आले. हिचं नाव नक्की घ्या, असं त्यांनी गुरुजींना पुन्हा बजावलं आणि गुरुजी हो म्हणाले. पण ते नाव कुठे घेणार? ते तर पटावर होतंच.

आम्हांला अ श्रेणी मिळाली. तिचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लागलं. घोडेगावच्या सभेत चांगदेव गुरुजींना नारळ आणि शाल मिळाली. खालच्या गावात भिमाजी गुरुजींनी स्वतःच्या तपासणीला होतं ते तसंच दाखवलं. त्यांना क मिळाला आणि त्यांच्या शाळेला एक जादा बाई मिळाल्या. अक्षदाबाई नावाच्या कोवळ्या वयाच्या शिक्षिका होत्या त्या. भिमाजी गुरुजी वर आले की त्यांच्याबद्दल सांगायचे. जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या घरी त्या संध्याकाळच्या जायच्या म्हणे. पोरगी भाकरी थापत असली तर तिच्या चुलीशी बसून तिच्याकडून वाचून घ्यायच्या. एका मुलीच्या मांडीवर भाऊ असायचा, तर बाई त्यालाच मांडीवर घेऊन बसायच्या. हे ऐकताना गुरुजींची मान खाली जायची. आमच्या वाडीला त्या आल्या नाहीत. अ श्रेणीच्या शाळेला कशाला लागते जादा बाई?

जया त्यानंतर शाळेकडे फिरकली नाही. गुरुजींनीही तिला बोलावलं नाही. तिला बोलवायचं तर आधी तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तांदूळ मात्र तिच्या घरी जात राहिला. कागदावर ती तिसरी पास झाली, चौथी पास झाली आणि पटावरून सन्मानानं उतरली. तिच्या दाखल्यावर प्रगती उत्तम असं लिहिलं होतं. तो दाखला न्यायला कुणी आलं नाही.

दोन वर्षांनी गुरुजींची बदली झाली. जाताना त्यांनी मला शेवटचं ओढ्यावर नेऊन धुतलं. तेव्हा ते बराच वेळ पाण्यात नुसते उभे राहिले होते.

मग माझे उतरतीचे दिवस आले. नवे सर आले, तेही बदलून गेले, आणखी आले. सुनील मोठा होऊन शाळेत आला आणि खिडकीखालीच बसला. तो चांगला शिकला, आता आश्रमशाळेत आठवीला आहे. काही वर्षांनी बाक आले. मुलं माझ्यावरून उठली ती कायमची. मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं, तिथं उंदरांनी माझी लाल रेघ कुरतडली. एका सरांनी माझे तुकडे करून एक दारात पाय पुसायला टाकला, एक पाण्याच्या पिंपाखाली घातला आणि एक खिचडी शिजवणाऱ्या बाईला बसायला दिला. तो तुकडा म्हणजे आज तुमच्याशी बोलणारी मी.

आणि खिचडी शिजवणारी बाई म्हणजे जया. तिचं लग्न वाडीतच खालच्या आळीला झालं आहे. ती सकाळी येते, माझ्यावर बसते, तांदूळ निवडते, चूल पेटवते. भिंतीपलीकडे पहिलीची मुलं एका सुरात काना-मात्रा म्हणत असतात. तेवढ्यापुरते तिचे ओठ हलतात. जोडाक्षरं सुरू झाली की ती थांबते.

मागच्या हिवाळ्यात चांगदेव गुरुजी आले. केस पांढरे झालेले, धाप लागलेली. ते निवृत्त होणार होते आणि आमच्या शाळेतल्या नोकरीचा कसला तरी दाखला त्यांना हवा होता. सर कागद शोधत होते, तोवर ते मागच्या पडवीत पाणी प्यायला आले. जयानं त्यांना लगेच ओळखलं. माझ्यावरून उठून तिनं मला झटकलं आणि त्यांच्यासाठी अंथरलं. कोरा चहा करून दिला. सावळेराम कसा आहे, सखूबाई कशी आहे, सुनील काय शिकतो, हे सगळं विचारून झालं.

"आई अजून तुमचं नाव काढती, गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्या तांदळावर लई दिवस काढले आमी. सुनील त्याच्यावरच वाढला."

गुरुजींनी कप खाली ठेवला. थोडा चहा माझ्यावर सांडला.

"जया, माझं चुकलं गं. तुझं नाव आत ठेवलं आन तुला बाहेर."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"तांदूळ दिला त्ये चुकलं न्हाई," ती म्हणाली. "पर मी घरीच व्हते, गुरुजी. रोज तुमी आमच्या दारावरनं जायचा. तुमची यायची येळ झाली की मी सुनीलला निजवून पाटी घिऊन पडवीत बसायचे. म्हणलं, आज तरी इचारतील काय लिवलंय म्हून. त्ये साहेब येऊन गेले, मंग तुमी वाटच बदलली. खालच्या अंगानं जायला लागला. तरी मी बसायचे."

पलीकडे जेवणाची सुट्टी झाली आणि मुलं ताटल्या वाजवत पडवीत आली. जया पदर खोचून उठली, पातेल्याचं झाकण काढलं आणि वाढायला लागली. गुरुजी माझ्यावर तसेच बसून होते. मुलांना ते म्हातारे कोण ते ठाऊक नव्हतं. एका मुलीनं त्यांच्यापुढेही ताटली ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हांला जपा, फाडू नका, मळवू नका. मी तसं सांगणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी गुरुजी व्हाल, कुणी बाई व्हाल, कुणी साहेब होऊन श्रेणी द्याल. तेव्हा हजेरीपट मिटवून एकदा खाली बघा, कोण बसलंय आणि कोण नाही. कुणी भावाला कडेवर घेऊन आली तर दोघांनाही आत घ्या. त्यानं पट्टी भिजवली तर भिजू द्या, मळली तर मळू द्या. आणि कुणी आली नाही, तर तिच्या घराची वाट चुकवू नका. ती पाटी घेऊन बसलेली असेल.